पायाखालची जमीन वाचायला शिका

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी तोच विषय होता. कोणी म्हणाले कोप झाला, कोणी म्हणाले लवणासुराचे रक्त वर आले. आमच्या घरी आलेल्या शेजारीणबाईंनी तर हात जोडले. तेव्हा नववीतली आमची नात म्हणाली, "अवं आजी, त्या पाण्यालेच इचारू ना, काहून लाल झालं ते!"

पाण्याला खरोखरच विचारले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटले, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसले. ना कोप, ना रक्त! रंग बदलण्याआधीची आणि नंतरची उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नातीने ती मोबाईलवर दाखवली, तेव्हा शेजारीणबाईंनी चष्मा मागून घेतला.

बंधू-भगिनींनो, लोणार म्हणजे आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. जगभरचे शास्त्रज्ञ ज्यासाठी इथे येतात, ते आपल्या लेकरांना ठाऊक नसावे काय? पूर्वी हे ज्ञान मोठ्या शहरांतल्या कपाटांत बंद होते. आता घरातल्या एका मोबाईलवर ते मिळते. मराठी विश्वकोशात खडक, भूकंप, भूजल यांवरच्या नोंदी आपल्याच भाषेत आहेत. इस्रोच्या 'भुवन' नकाशावर आपले गाव, नाला, तलाव वरून दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश'वर कोणत्या गावाखाली कोणता खडक आहे, ते रंगांनी दाखवले आहे. तो इंग्रजीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवावे.

कोणी म्हणेल, आम्हा कष्टकऱ्यांना खडकाशी काय करायचे? त्याला आम्ही आमच्या बहिणीच्या घरची गोष्ट सांगतो. तिचे सासर पूर्णेच्या बाजूला. व्याजाने पैसे काढून बोअर मारली. जागा कोणी दाखवली? हातावर नारळ धरून फिरणाऱ्या पानाड्याने! पाणी लागले, पण तोंडात धरवेना. व्याज मात्र फेडावे लागलेच.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ साचलेला आहे आणि त्यात क्षार आहेत. नारळाला हे कळत नाही, नकाशाला कळते. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरे खचली. म्हणून बोअरचा पैसा काढण्याआधी नकाशा पाहावा आणि बुलढाण्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात विचारावे. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. केंद्र सरकारच्या 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' या संकेतस्थळावरही भूजलाची माहिती फुकट पाहता येते.

मात्र एक ध्यानात ठेवा. नकाशा पट्ट्याचे सांगतो, तुमच्या विहिरीचे सांगत नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासावे लागते; ग्रामपंचायतीकडे तसा आग्रह धरावा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा. खारेपणा जिभेला कळतो; फ्लोराईड आणि नायट्रेट कळत नाहीत, आणि पाणी उकळूनही ते जात नाहीत. त्यामुळे "आमचे पाणी गोड आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

या रविवारी एवढे करा. मुलांना जवळ घेऊन मोबाईलवर आपले गाव शोधा. गावाखाली काळा पाषाण आहे की नदीचा गाळ, ते वहीत लिहायला सांगा. खाली आपल्या विहिरीची खोली आणि आजची पाण्याची पातळी लिहा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजा. ज्या घरात अशी वही आहे, त्या घराला नारळवाल्याची गरज पडणार नाही.