पाण्यात उतरण्याआधीचा अर्धा तास

डिसेंबरच्या सुट्ट्यांत मालवणच्या जेटीजवळ लावलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या तरी समुद्र बघायला कोण आलंय ते कळतं. एमएच २२, २३, २४, २६, ३८. म्हणजे परभणी, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली. आमच्या पेडगावातूनही दोन-तीन कुटुंबं मिळून एखादी क्रूझर ठरवतात. गाडी रात्रभर पळते, कोल्हापूर मागे टाकते, उजाडता उजाडता फोंडा घाट उतरते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मंडळी मालवणात. किल्ला बघायचा, देवबागच्या वाळूवर लेकरांना खेळू द्यायचं आणि स्नॉर्कलिंग करायचं, असा बेत घरूनच ठरलेला असतो. हा शब्द आता आमच्या पारावर सगळ्यांना पाठ आहे. कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की माणूस कुटुंबाला समुद्र दाखवतो, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी गंगाखेडच्या गोदावरीपलीकडे मोठं पाणी पाहिलंच नाही.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने मांडतो. माणसाच्या तोंडाला मास्क लावून त्याला समुद्रात सोडण्याआधी अर्धा तास कंबरभर पाण्यात शिकवलं पाहिजे. बोटवाल्याच्या मर्जीवर ते राहू नये. परवान्याची अट म्हणून ते व्हावं. लाइफ जॅकेट जसं सक्तीचं, तसा हा अर्धा तासही.

स्नॉर्कलिंग हा प्रकार दिसायला सोपा आहे. काचेचा मास्क डोळ्यांवर आणि नाकावर, तोंडात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वर. पोट खाली करून तरंगायचं आणि तळ बघायचा. अडचण फक्त श्वासाची असते. जन्मभर नाकाने श्वास घेतलेला असतो आणि इथे तो एकदम तोंडाने घ्यायचा असतो. मागच्या मोसमात आमच्यासोबत गावातल्या एक वहिनी होत्या. बोटीत मास्क हातात आला, पट्टा आवळला गेला, ‘बिनधास्त जा’ म्हणून धीरही मिळाला. पाण्यात तोंड घालताच त्यांनी सवयीने नाकाने श्वास ओढला. काच चेहऱ्याला गच्च चिकटली, हवा येईना, जीव घाबरा झाला आणि पाय आपोआप खाली गेले. खाली टेकायला काहीतरी लागलं, तशा त्या तिथेच उभ्या राहिल्या. बोटीवरचा पोरगा ओरडत होता, ‘ताई, पाय वर घ्या, पाय वर!’ पण घाबरलेल्या माणसाचे पाय वर येत नसतात. पोरगं गुणी होतं. त्याने लगेच उडी मारली, त्यांना रिंगेला धरून ठेवलं, पाठीवर हात ठेवून शांत केलं. तोवर त्यांच्या पायाला खरचटलं होतं आणि ज्यावर त्या उभ्या राहिल्या त्याचा एक तुकडा मोडून तळाशी गेला होता.

तो तुकडा प्रवाळाचा होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण ती असते बारक्या प्राण्यांची वसाहत. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा. तो आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतो आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतं. गोट्यासारखं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. पाणी फार तापलं की हे प्राणी अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात, प्रवाळ पांढरं पडतं आणि ताप लांबला तर मरतं. जगभरच्या समुद्रांत असं एकाच वेळी घडत असल्याचं २०२४च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि नोंदी ठेवायला लागल्यापासूनची ती चौथी वेळ होती. तापलेल्या समुद्राला आपण पेडगावात बसून आवर घालू शकत नाही. पायाला घालू शकतो.

कायदा तर केव्हाचाच झालेला आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या गाभ्यात पद्मगड येतो. शिवरायांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्या आसपासच्या खडकांवर हे प्रवाळ आहे. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघाला जे कायद्याचं कवच तेच त्याला. ताडोब्यात वाघाच्या अंगावर पाय ठेवायची कल्पनाही कुणी करणार नाही, कारण तिथे जिप्सीत बसण्याआधी काय करायचं नाही हे सांगितलं जातं आणि गाइड सोबत असतो. समुद्रात तोच कायदा लागू आहे, फक्त सांगणारा कुणी नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हा अर्धा तास जास्तच लागतो आणि त्याचं कारण आमच्या शिवारात आहे. आमचा भाग कोरडा असला तरी पाण्याला परका कधी नव्हता. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघा, पिंगळीची बघा, चारठाण्याची बघा. वेळ काढून जाऊन पाहाव्यात अशा या जागा आहेत. माझ्या लहानपणी उन्हाळा लागला की पेडगावच्या शिवारातल्या विहिरी पोरांनी भरलेल्या असायच्या. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या चुलत्याच्या हातात. आधी हातपाय मारायला शिकायचं, मग पाठीवर पडून तरंगायचं, मग एके दिवशी डबा सुटायचा. सूर मारणं, मुटका मारणं, तळाचा गाळ मुठीत आणून दाखवणं, या आमच्या परीक्षा. बुडण्याची भीती त्यात निघून जायची आणि पाण्याचा धाक मनात राहायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवणारी ती शाळा होती.

ती शाळा बंद पडली. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर आले, पाणी खोल गेलं, विहिरी आटल्या. काही बुजवल्या, काहींवर जाळ्या आल्या. सहा इंचांच्या बोअरमध्ये कुणी पोहायला शिकत नाही. आज माझ्या वर्गात ‘पवता कुणाला येतं?’ म्हणून विचारलं की बोटावर मोजता येतील एवढे हात वर होतात आणि मुलींचा तर क्वचितच एखादा. या लेकरांचं आणि त्यांच्या आई-बापांचं आयुष्यातलं पहिलं खोल पाणी म्हणजे थेट अरबी समुद्र. विहिरीला निदान चार बाजूंनी काठ असतो.

समुद्र दुसरीकडे कसा दाखवतात याची एक हकिकत सांगतो. माझी पुतणी नवऱ्यासोबत जर्मनीत असते. गेल्या उन्हाळ्यात ती दोघं ग्रीसमधल्या झाकिंथोस बेटावर गेली होती. तिथे दिवसभराची कॅटमरानची फेरी असते. दोन सांगाडे शेजारी शेजारी जोडलेली ही बोट, त्यामुळे ती डुलते कमी. तोल राखण्याचं असंच शहाणपण कोकणच्या होडीला उलांडी बांधणाऱ्यांकडेही होतंच. पुतणी सांगत होती, ‘काका, पाण्यात जायची वेळ आली तरी मास्क कुणाच्याच हातात नव्हता. कप्तानाने आधी सगळ्यांना पुढच्या जाळीवर बसवलं. पोहता येणारे किती, न येणारे किती, विचारलं. मला येत नाही म्हटल्यावर त्याने मला शिडी सोडू दिली नाही. शिडीला धरूनच तोंड पाण्यात घालायचं, दहा श्वास घ्यायचे, वर यायचं. परत तेच. माझा श्वास जमल्यावरच हात सोडायला सांगितला.’ नांगरही बघून टाकला म्हणे. भूमध्य समुद्राच्या तळाशी पॉसिडोनिया नावाचं गवत वाढतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात आणि नांगर ओढला गेला की ते मुळासकट उपटतं. म्हणून कप्तान वाळूचा तुकडा शोधत राहिला.

हा त्या एका कप्तानाचा चांगुलपणा असेलही. पण त्या बेटावर नियमांचा पायाही भक्कम आहे. तिथल्या लागानासच्या उपसागरात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. १९९९ साली तिथे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. उपसागराचे पट्टे पाडले. मोसमात एका पट्ट्यात बोटीला पूर्ण बंदी, दुसऱ्यात सहा नॉटपेक्षा जास्त वेग नाही आणि नांगरही नाही, तिसऱ्यात वेगाची तीच मर्यादा. तिथेही पर्यटनावर पोट असणारी माणसं आहेत, तिथेही कुरबुरी झाल्या. तरी लोक पैसे मोजून तिकडे जातातच.

ग्रीस लांबचं वाटत असेल तर आपल्याच किनाऱ्यावर या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला राज्यभरातून लोक यायला लागले. हे लोक गावातल्या घरांत राहतात, दोरीच्या मागे उभे राहतात, गप्प राहतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, घाई नाही आणि झाडाझाडाची माहिती तोंडपाठ. शिकवून दाखवलं तर आपला माणूस ऐकतो, हे तिथे रोज दिसतं.

मालवणच्या बोटवाल्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद. पाणी स्वच्छ असण्याचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार सोडले तर गर्दी नसते. त्या मोजक्या दिवसांत वर्षाचा हप्ता, डिझेल, पोरांचे पगार काढायचे. फेरीमागे अर्धा तास गेला तर दिवसाच्या फेऱ्या घटतील. वर अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्यांना कुणी विश्वासात घेतलं नाही, ही मच्छीमारांची तक्रार आजही जिवंत आहे. म्हणून अट त्यांच्यावर लादून मोकळं होऊ नये. शिकवण्याचं काम त्यांच्याच पोरांना द्यावं, त्याचे वेगळे पैसे लावावेत. एक तुकडी पाण्यात असताना दुसरी किनाऱ्याजवळ शिकत राहील, बोट रिकामी थांबायची गरज नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहेच. पावसाळ्यातले बंदीचे महिने या पोरांच्या प्रशिक्षणाला मोकळे मिळतात. आम्ही पर्यटकांनीही घासाघीस थांबवली पाहिजे. हजार किलोमीटरहून जास्त जाऊन-येऊन करणारा माणूस माणशी शंभर रुपयांसाठी अडून बसतो आणि जो सगळ्यात स्वस्त त्याच्या बोटीत चढतो, हे मी बघतो आणि मला ते सहन होत नाही.

पैशाचा हिशेब मांडायचाच तर दुसरी बाजूही मांडावी लागेल. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्याआधी २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. सहल घेऊन जाणाऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या छातीवर ती बातमी कायमची बसलेली आहे. दोन्ही घटना वेगळ्या, कारणं वेगळी. पण पाण्यात तरंगता येणं आणि घाबरल्यावर काय करायचं हे ठाऊक असणं कुठल्याही बुडत्या माणसाला थोडी मिनिटं जास्त देतं.

आणखी एक गोष्ट त्या अर्ध्या तासात सांगितली जावी. माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत. पट्ट्यापट्ट्यांचे मासे चेहऱ्याभोवती जमतात, फोटो छान येतो, हे खरं. पण प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणं हे कित्येक माशांचं काम आहे आणि आयतं खायला मिळालं की ते काम मागे पडतं. लेकरांना हे एकदा सांगितलं की ती आई-बापाचा हात धरतात. मी स्वतः पाहिलंय.

शासनाने सिंधुदुर्गात निवृत्त युद्धनौका गुलदार समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरवलं आहे. चांगलं आहे, लोखंडी सांगाड्यावरही हळूहळू जीव वसतो आणि गर्दीचा भार प्रवाळावरून थोडा हलेल. त्या कामाला कोट्यवधी रुपये आहेत. त्याच निधीतून किनाऱ्याजवळ कंबरभर पाण्याचं एक दोरांनी आखलेलं आवार आणि काही पगारी शिकवणारे एवढं सहज बसेल.

आमच्या बाजूचं काम आम्ही सुरू करतोय. आमच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला यंदा कालव्याच्या पाझराने बरं पाणी आहे आणि मे महिन्यात सकाळी ती पोरांसाठी मोकळी ठेवायला तो तयार झाला आहे. अट एकच घातली आहे त्याने, काठावर दोर धरायला दोन जाणती माणसं हवीत. चांगली पोहणारी तीन माणसं मी धरून ठेवली आहेत. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली आहे आणि त्यांना शिकवायला गावातल्याच एक आजी तयार आहेत. त्यांचं माहेर गोदाकाठचं. पालकांच्या सह्या घेणं चालू आहे. मागच्या आठवड्यात त्या वहिनीही येऊन गेल्या. त्यांनी मुलीचं नाव दिलं, मग जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘सर, माझंबी लिहा.’