काट्यावर न येणारी धूळ



सिल्वासाची हवा कशी आहे, यावर दोन ठाम मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, कारखान्यांनी हवा बिघडवली. कोणी म्हणतात, कारखान्यांमुळेच आपल्या घरची चूल पेटते, उगाच ओरड नको. आमचे मत असे की आधी मोजावे, मग बोलावे. आणि धुळीच्या वजनासोबत कणांची संख्याही मोजावी.

सरकारी प्रमाण वजनाचे आहे. २००९ च्या मानकानुसार पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, २४ तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. परंतु वाहनांच्या धुरातले बहुसंख्य कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. विद्यार्थ्यांनी २५ चा घन काढून पाहावा. घनता सारखी धरली, तर २.५ मायक्रॉनच्या एका कणाचे वजन ०.१ मायक्रॉनच्या १५,६२५ कणांइतके भरते! काट्यावर हे कण नगण्य, पण फुप्फुसात अगदी खोलवर पोचतात.

मग ते मोजायचे कसे? थंडीत दमणगंगेवर धुके पडते, तेव्हा त्यातला प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवतीच जमलेला असतो. याच तत्त्वावर स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या दशकात धूळ मोजण्याचे यंत्र केले. आजच्या यंत्रात बहुधा ब्युटेनॉलची वाफ असते. वाफमिश्रित हवा थंड केली की कणांवर वाफ जमून त्यांचे थेंब होतात आणि लेझरच्या झोतातून जाताना ते एकेक मोजले जातात. आम्ही हिंदीतून शिकलो, तेव्हा याला संघनन म्हणत. मराठी भूगोलात सांद्रीभवन. शब्द पाठ होतो, त्याचा उपयोग मात्र कोणी सांगत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेची महाबळेश्वर येथील प्रयोगशाळा २०१२ पासून ढगांचा आणि असल्या कणांचा अभ्यास करते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, २४ तासांच्या सरासरीत दर घनसेंटिमीटरला १,००० हून कमी कण म्हणजे प्रमाण कमी आणि १०,००० हून अधिक म्हणजे जास्त. आपल्या देशाच्या हवा निर्देशांकात संख्येला अजून स्थान नाही.

हे यंत्र महाग आहे. शाळेने ते विकत घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. विश्वस्त मंडळींनी प्रशासनाकडे किंवा एखाद्या विद्यापीठाकडे शब्द टाकून काही दिवसांसाठी ते शाळेच्या फाटकाशी लावून घ्यावे. रस्त्यापासून दूर जाताच ही संख्या झपाट्याने उतरते, म्हणून मोजणी मुले उभी राहतात तिथेच हवी. आकडा कारखान्यांना दोष देवो की आपल्या गाड्यांना, तो सर्वांनी मान्य करावा.

तोवर पालकांना एकच विनंती. मुलांची वाट पाहताना फाटकापाशी गाडीचे इंजिन बंद ठेवावे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहण्याची गरज नाही.