आयर्लंडचा बटाटा आणि मोखाड्याची नागली

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला आणि पुढील सहा-सात वर्षांत, ८० लाखांहून किंचित अधिक वस्तीच्या त्या देशातली सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व तिच्या पाठोपाठ आलेल्या ज्वरांनी मेली, तर तितकीच, किंबहुना अधिक, गलबतांत बसून परागंदा झाली. इतके बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ज्या बंदरांतून ही माणसे निघाली, त्याच बंदरांतून त्याच काळात धान्य, लोणी आणि गुरे इंग्लंडकडे रवाना होत होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. बटाटा गेला तो रोगाने. कुळाच्या खिशात दाम नव्हता, म्हणून डोळ्यांदेखत जाणारे धान्य त्याचे नव्हते. लंडनच्या खजिन्यात मदतीची सूत्रे हाती असलेले चार्ल्स ट्रेव्हेलियन कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थान पाहून गेलेले गृहस्थ होते, आणि व्यापारात सरकारने हात घालू नये या मतावर त्यांची अचल श्रद्धा होती. पुढे मद्रासचे गव्हर्नर म्हणून ते पुन्हा इकडे आले.

त्या श्रद्धेचा प्रसाद महाराष्ट्रासही मिळाला. १८७४ साली बिहारात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोक जगविल्याबद्दल उधळेपणाचा ठपका ज्यांच्यावर आला, त्या सर रिचर्ड टेंपल यांनीच १८७७ साली, जणू तो ठपका धुऊन काढण्यासाठी, दख्खनच्या दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या किमतीवर एक आणा इतकी खाली आणली. पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी धाडल्या, मजुरांनी कामे सोडली, आणि दख्खनच्या रस्त्यांवर माणसे मेली. उलटपक्षी १९७२ च्या दुष्काळात, पाऊस तितकाच निर्दय असूनही, लक्षावधी हातांना खडी फोडण्याचे का होईना काम मिळाले आणि तशी प्राणहानी टळली; वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीस पुढे १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. पीक बुडणे आणि माणूस मरणे यांच्यामध्ये एक हुकूम असतो, आणि तो माणूस काढतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसईकडच्या आम्हां वटारकरांस हे सारे घाटावरचे वाटते. विहीर, बावखल आणि रहाट यांच्या पाण्यावर केळी व पानवेली पोसणाऱ्या, मुंबईची बाजारपेठ उशाशी असणाऱ्या या पट्ट्याला दुष्काळाची खरी झळ लागलेली नाही. मात्र याच पालघर जिल्ह्यात, एकाच कलेक्टराच्या अमलाखाली, जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारावर नागली आणि वरी पिकविणारा वारली, कोकणा वा कातकरी श्रावणाच्या आधीच कणगी रिकामी झालेली पाहतो. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा मंत्र्यांच्या मोटारी तिकडे धावल्या. त्यानंतर योजनांची नावे अनेक आली. खावटी कर्जाची योजना तर त्याआधीचीच. तरीही दिवाळी सरताच कुटुंबेच्या कुटुंबे ठेकेदाराची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि आमच्या वसई-विरारच्या इमारतींच्या कामावर उतरतात. गलबताऐवजी एस.टी. एवढाच फरक, असे म्हणण्याचा मोह होतो. पण आयरिश माणूस परतला नाही आणि हा जूनमध्ये परततो, बहुधा उचलीचा हिशेब फिटल्या-न फिटल्याच्या वादासह.

ज्यांच्या श्रमावर आमच्या वाड्यांच्या जागी चार-चार मजले चढले, त्यांच्या भुकेला ‘तिकडचा प्रश्न’ म्हणणे मला असभ्यपणाचे वाटते. शिधापत्रिका कोठेही चालावी असा नियम आहे. तो विरार-नालासोपाऱ्याच्या दुकानांत खरोखर चालतो काय, हे पुरवठा अधिकाऱ्यांनी नाक्यावर उभे राहून पाहावे. भट्टीवर आलेल्या पोराचे वजन जिथे तो राहतो तिथल्या अंगणवाडीने घ्यावे, गावच्या नोंदवहीत नाव आहे म्हणून त्यास परत पाठवू नये. आणि मूळ काम तर वरतीच आहे: ठेकेदाराची उचल घरात येण्यापूर्वी, नागलीची कापणी उरकताच, मोखाड्यात रोजगार हमीचे हजेरीपट उघडले जावेत आणि मजुरी महिनोन्‌महिने थकविण्याची रीत सोडून ती आठवड्याच्या बाजाराआधी हातात पडावी.