हौसेची गाडी, नवा सायलेन्सर आणि रविवारची डोकेदुखी

मोटारीच्या सायलेन्सरबद्दल डॉक्टरने का लिहावं, असा प्रश्न काहींना पडेल. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करणारा डबा, तो मेकॅनिकचा विषय, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी ती अख्खी नळी म्हणजे विषारी वायू माणसांच्या नाकापासून लांब नेऊन सोडणारं गटार आहे. आवाज कमी करणं हे त्याचं दुसरं काम. घरातली ड्रेनेजची लाइन बदलताना आपण सांधा गळतो का ते आधी पाहतो आणि पाइपचा रंग नंतर. जुन्या हौशी गाडीला बाहेरून आणलेला नवा एक्झॉस्ट बसवताना मात्र बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवाज कसा घुमतो आणि स्टील कसं चमकतं, यावरच सगळी चर्चा होते.

या नळीतून जाणाऱ्या वायूंपैकी मला सर्वांत जास्त धास्ती कार्बन मोनॉक्साइडची वाटते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की साध्या हवेत तो निम्मा उतरायलाच साधारण चार-पाच तास लागतात. आपल्याकडे पीयूसी चाचणीत जुन्या पेट्रोल मोटारींना धुरात 3 टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. म्हणजे दहा लाख भागांत 30,000 भाग. श्वासाच्या हवेत दहा लाखांत 100 भाग जरी काही तास राहिले, तरी डोकं दुखायला लागतं. यावरून हिशेब करा. नियमात बसणाऱ्या गाडीचा धूरसुद्धा तीनशे पट पातळ झाला, तरीही तो निरुपद्रवी होत नाही. आजच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायू बराचसा जाळून टाकतो. आपल्याकडे महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो 1995 पासून सक्तीचा झाला. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कार्बोरेटरच्या स्पोर्ट्‌स गाडीत तो नसतोच.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट ओळख पुसून सांगतो. गृहस्थ साठी ओलांडलेले, निवृत्त इंजिनिअर. सत्तरच्या दशकातली उघड्या टपाची इंग्लिश टू-सीटर त्यांनी स्वतः खपून उभी केलेली. तक्रार अशी की दर रविवारी दुपारी डोकं ठणकतं, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, चष्म्याचा नंबर तपासून झाला होता. रक्तदाब, साखर सगळं ठीक. बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं तर 98. मग बरोबर आलेल्या काकू सहज म्हणाल्या, "अहो डॉक्टर, रविवारी माझंही डोकं धरतं, पण मी सांगत नाही." दोघांचं एकाच दिवशी, एकाच वेळी डोकं दुखतं आणि संध्याकाळी आपोआप थांबतं, याला पित्त म्हणत नाहीत. रविवारी काय करता, असं विचारल्यावर गाडी निघाली, आणि गाडीबरोबर तीन महिन्यांपूर्वी बसवलेला स्टेनलेस स्टीलचा नवा एक्झॉस्टही निघाला. पुढच्या रविवारी दोन तासांच्या फेरीनंतर त्यांना थेट रक्त द्यायला बोलावलं. कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसाच्या रक्तात 11 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं होतं. धूम्रपान न करणाऱ्यात ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असायला हवं.

उघड्या गाडीत धूर कसा कोंडेल, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्तच होता. गंमत अशी की उघडी गाडी वेगात धावताना सीटच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीवरची हवा उलटी पुढे, माणसांकडे ओढली जाते. म्हणूनच अशा गाडीत बसलेल्या बाईचे केस मागे उडण्याऐवजी तोंडावर येतात. टेलपाइप बंपरच्या आतच संपत असेल, तर केसांबरोबर धूरही पुढे येतो. टप चढवलं तर प्रकार आणखी वाईट. या वयाच्या गाडीत डिकीचं रबर वाळलेलं असतं, गिअरच्या दांड्याभोवतीची पिशवी फाटलेली असते, फ्लोअरला गंजून भोकं पडलेली असतात, आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यात वायरी जाण्यासाठी पाडलेल्या भोकांची रबरं कधीच गळून गेलेली असतात. पुढचा सांधा गळत असेल, तर धुराला आत यायला दहा वाटा असतात.

आता बसवण्याबद्दल. मी मेकॅनिक नाही, पण या जोडप्यामुळे माझं बरंच शिक्षण झालं. गाडीखाली घुसून काय पाहायचं, ते त्या काकांनीच मला दाखवलं. उदाहरण एमजीबीचं घेतो, कारण 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनलेली ही गाडी जगभरच्या हौशी लोकांत अजूनही भरपूर आहे. तिच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर काढणारं मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात. काही नटांखालचे जाड वॉशर दोघांच्याही कडा एकदम दाबतात. बाहेरून आणलेल्या नव्या मॅनिफोल्डची कड जुन्यापेक्षा जाड किंवा पातळ निघाली, तर वॉशर तिरका बसतो. एक बाजू आवळली जाते आणि दुसरी सैल राहते. नट कितीही पिळला तरी गळती थांबत नाही. कडा मोजून सारख्या करून घेणं किंवा पायरीचा वॉशर घालणं हाच उपाय. पण तो करायला एक दिवस जास्त लागतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं.

दुसरी गोष्ट लोंबकळण्याची. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, त्यामुळे गिअर टाकताना, रेस देताना ते डुलतं. नळीलाही त्याच्याबरोबर डुलता आलं पाहिजे, म्हणून तिला रबरी टांगण्या असतात. रबर तुटलं म्हणून तारेने किंवा लोखंडी पट्टीने नळी चेसिसला जखडली, की सगळा ताण पुढच्या सांध्यावर येतो आणि काही महिन्यांत तिथे चीर पडते. चांगला कारागीर आधी सगळे तुकडे सैल जोडतो, रबरावर टांगतो, गाडी चाकांवर उभी करून मागच्या अ‍ॅक्सलला, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळीला पुरेशी जागा सुटली का ते पाहतो, आणि मगच पुढून मागे क्लॅम्प आवळत येतो. स्टेनलेस स्टील तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. त्यामुळे पहिल्या लांब फेरीनंतर गाडी गार झाली की सगळे सांधे पुन्हा आवळावेच लागतात. आमच्या काकांच्या गाडीत हेच राहून गेलं होतं. शिवाय टेलपाइप बंपरच्या चार बोटं आत संपत होता, कारण मागून तो "जास्त छान दिसतो" म्हणे.

गळती तपासायला फार काही लागत नाही. गार इंजिन चालू करा आणि दुसऱ्या कोणाला तरी जाड ओल्या फडक्याने टेलपाइपचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. फडक्यामागे दाब जाणवला आणि इंजिन गुदमरायला लागलं तर ठीक. कुठून तरी फुस्स किंवा टिकटिक असा आवाज आला, तर तिथे भोक आहे. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये मुळीच नको. बंद गॅरेजमध्ये कन्व्हर्टर नसलेली गाडी नुसती चालू ठेवली तरी काही मिनिटांत जीव जाण्याइतका वायू साठतो. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, खाली स्टँड लावा. आणि अगदी जुनं पॅकिंग किंवा नळीवरचं जुनं वेष्टण कोरडं खरवडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात एकदा गेली की कित्येक वर्षांनी त्रास देते. पाण्याने भिजवून, मास्क लावूनच काढा.

आवाजाबद्दल थोडक्यात. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसवतो असं धरतात, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास. घुमणारा एक्झॉस्ट लावून लोणावळ्याला जाऊन येणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करावा.

मला खरा राग येतो तो पीयूसीच्या कागदाचा. काकांच्या गाडीकडे तो होता आणि त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ही चाचणी टेलपाइपच्या तोंडाशी होते. मधला सांधा गळतो की नाही, हे ती पाहत नाही. उलट, गळक्या सांध्यातून बाहेरची हवा नळीत ओढली गेली तर आकडा कमी, म्हणजे चांगला दिसू शकतो. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 2021 पासून आपल्याकडे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ते चांगलंच झालं, हा वारसा टिकायला हवा. पण त्या नोंदणीच्या वेळी, आणि रॅलीला सोडताना, नळीचे सांधे आणि केबिनमधला कार्बन मोनॉक्साइड तपासायला दहा मिनिटंही लागणार नाहीत. रॅलीत नातवंडं मांडीवर घेऊन बसलेले आजोबा दिसतात, तेव्हा मला गाडीच्या रंगापेक्षा हेच आठवतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना हा वायू इतरांपेक्षा लवकर बाधतो. आकडा दाखवणारा छोटा बॅटरीवरचा डिटेक्टर बाजारात मिळतो. एक्झॉस्टवर खर्च करणाऱ्याला त्याची किंमत जड जाऊ नये.

आणि ज्यांच्याकडे हौसेची गाडी नाही, त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. गंजलेला सायलेन्सर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत एसी लावून, काचा बंद करून झोपणं तितकंच धोक्याचं आहे.

गाडीत बसल्यावर डोकं जड होणं, मळमळ, जांभया, चक्कर असं काही झालं आणि बरोबरच्यांनाही तेच होत असेल, तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. छातीत दुखलं, कोणी बावचळलं, बेशुद्ध पडलं किंवा बरोबर गरोदर बाई असेल, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. तिथे "गाडीतला धूर लागला असावा" हे स्वतःहून, पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो बिनधास्त 98 दाखवतो. खरं प्रमाण रक्ताच्या को-ऑक्सिमेट्री तपासणीतच कळतं, आणि ती आपणहून कोणी करत नाही, मागावी लागते. मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन दिला की निम्मा वायू उतरायला चार-पाच तासांऐवजी तास-दीड तास लागतो. म्हणून संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता ऑक्सिजन सुरू करतात.