दुकान एकाचे, माल दुसऱ्याचा

सांगलीच्या हळदबाजारात चाळीस वर्षे अडत चालविणारे एक गृहस्थ जून महिन्यात मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. "अण्णा, इथला बेसबॉल एकदा पाहा," हा मुलाचा आग्रह त्यांना मोडवेना. ब्रिजवॉटरचे मैदान घरापासून जवळच होते. सामना सायंकाळी सातच्या सुमारास, आणि जूनमध्ये तेथे सूर्य मावळतो साडेआठला; त्यामुळे दशम्या-चटणी गाडीतच सावकाश उरकून मंडळी आत गेली.

खेळ अण्णांना फारसा उमगला नाही. मात्र उडालेला चेंडू प्रेक्षकांत आला की ज्याच्या हाती लागेल त्याचाच होतो, परत कोणी मागत नाही, हे पाहून ते चकित झाले. "मग या साऱ्याचा खर्च करतो कोण?" त्यांनी विचारले.

उत्तर व्यापाऱ्याने ऐकावे असेच होते. सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ १९९८ पासून स्वतंत्र लीगमध्ये खेळत असे आणि आपले खेळाडू आपणच नेमत असे. २०२१ पासून तो न्यूयॉर्क यांकीज या बड्या संघाशी जोडला गेला. आता तिकिटे, खाद्यपदार्थ, जाहिराती यांचे उत्पन्न स्थानिक मालकाचे. खेळाडू आणि प्रशिक्षक मात्र न्यूयॉर्कचे. पगार तेच देतात आणि कोणाला कधी कोठे धाडायचे हेही तेच ठरवितात. अशा चार पायऱ्या आहेत. सॉमरसेट तिसऱ्या पायरीवर, त्याच्या वर पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनचा संघ आणि त्याही वर खुद्द यांकीज. तीस बड्या संघांचे प्रत्येकी चार, असे एकशे वीस संघ आहेत. एखादा पोरगा चमकला की हंगामाच्या ऐन मध्यावर त्याला वर बोलावणे येते. गावाचा संघ त्यामुळे हरला तरी गावाने हूं की चूं करायचे नाही!

वर जाण्याची ही ओढ उगाच नाही. या पायरीवरील खेळाडूचा किमान वार्षिक पगार पूर्वी सुमारे १३,८०० डॉलर होता. २०२३ च्या पहिल्या सामुदायिक करारानंतर तो ३०,२५० झाला. बड्या संघात त्याच वर्षी किमान ७,२०,००० डॉलर मिळत. एवढे अंतर एका पिढीत तोडणारी नोकरी आपल्याकडेही विरळा. येथे ते एका फोनवर तुटते. अर्थात बहुतेकांना तो फोन कधीच येत नाही.

शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई गुडघ्यावर तक्ता ठेवून प्रत्येक खेळीची पेन्सिलीने नोंद करीत होत्या. कीर्द लिहिणारे माणूस दिसताच अण्णांचा जीव रमला. मुलगा दुभाषी झाला. स्वतंत्र लीगच्या काळात गावातील कुटुंबे खेळाडूंना घरी उतरवून घेत. बाईंकडेही एक मुलगा होता. तीन महिने त्यांच्याकडे जेवला, आणि ऑगस्टमध्ये एका बड्या संघाने उचलला.

"तुम्हाला वाईट नाही वाटले?"

"वाटले ना. पण तो इथे राहायला आलाच नव्हता," बाई म्हणाल्या. नाताळला त्याचे कार्ड अजून येते, हेही त्यांनी सांगितले.

अण्णा गप्प झाले. चौदा वर्षे हाताखाली तयार केलेला, हळकुंड मोडून दर्जा सांगणारा त्यांचा दिवाणजी दोन वर्षांपूर्वी मोठ्या पेढीवर गेला होता. दिवाळीला त्याने पाठविलेला फराळाचा डबा न उघडताच परत पाठविण्यात आला होता. "तो डबा मी ठेवून घेणार होते," अण्णांच्या पत्नी हळूच म्हणाल्या. हे वाक्य त्या दोन वर्षांत प्रथमच बोलत होत्या.

सातव्या डावाच्या मध्यावर प्रथेप्रमाणे सारे प्रेक्षक उभे राहून गाऊ लागले. अण्णाही उभे राहिले. गाणे संपल्यावर त्यांनी मुलाला विचारले, "सांगलीत आता किती वाजले असतील?"

"सकाळचे साडेसहा."

"म्हणजे दुकानाला निघाला नसेल अजून," अण्णा म्हणाले आणि मुलाचा फोन मागून घेतला.