विक्रांतच्या पोटात

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, त्याचे हे स्मरण. शाळाशाळांतून त्या सुमारास निबंध लिहिले जातात आणि त्यांत क्षेपणास्त्रे, ज्वाळा, शत्रूची बुडणारी जहाजे यांची वर्णने असतात. मुलांनी तसे लिहावे यात गैर काही नाही. पराक्रमाची ओढ त्या वयाला असायचीच. तथापि त्याच दिवशी, कराचीपासून फार दूर, बंगालच्या उपसागरात दुसरी एक कथा घडत होती. तिच्यात वैमानिकांच्या धैर्याइतकाच काही तडे गेलेल्या बॉयलरांचा वाटा होता. ती क्वचितच कोणी सांगते, म्हणून या महिन्याचे हे पान तिच्यासाठी.

आपल्या परिभाषाकोशांनी बॉयलरला बाष्पित्र असे नाव दिले आहे. शब्द नेटका आहे, परंतु तो कोशातच राहिला. मीही येथे बॉयलरच म्हणतो.

विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधावयास घेतली. १९४५ साली तिचे जलावतरण झाले, युद्ध संपले आणि ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या कारवाईच्या वेळी ती आपल्याच समुद्रात गस्त घालीत होती, हे आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. सातशे फूट लांबी, पूर्ण भारासह सुमारे साडेएकोणीस हजार टन वजन आणि हजाराहून अधिक माणसांचा संसार. एक गावच म्हणा ना! त्या गावाच्या चुली म्हणजे नौकेच्या पोटातले चार बॉयलर.

या चुलींवर काय काय शिजत होते ते पाहिले पाहिजे. तेलाच्या ज्वालांनी पाण्याची वाफ व्हायची, ती वाफ टर्बाइन फिरवायची आणि टर्बाइनमुळे नौकेचे दोन पंखे फिरायचे. तेवढ्यावर भागत नसे. विमान धावपट्टीवरून भिरकावून देणारे यंत्र, ज्याला कॅटापुल्ट म्हणतात, तेही वाफेवरच चाले. मोठाल्या नळकांड्यांत वाफ कोंडून ती एकदम सोडावयाची, की दट्ट्याबरोबर विमान पुढे फेकले जाई. शिवाय खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करायलाही वाफेचीच उष्णता लागे. म्हणजे बॉयलर थंडावला तर नौका थांबते, विमाने बसून राहतात आणि माणसांना प्यावयास पाणी मिळेनासे होते.

त्यातही पहिला हक्क बॉयलरचा. माणसाला थोडे मचूळ पाणी चालेल, बॉयलरला चालत नाही. समुद्राचे पाणी कुठल्या नळीतून झिरपून आत शिरले तर त्यातला क्षार धातू खाऊ लागतो. म्हणून बॉयलरच्या पाण्याचा नमुना वरचेवर काढून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पाणी दुधाळ झाले, की मीठ शिरले असे समजावे. आपल्या आठवी-नववीच्या प्रयोगशाळेतला हा प्रयोग आहे. फरक इतकाच, की तेथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, बॉयलर जातो. गोड्या पाण्याचा तुटवडा पडला, की आधी माणसांच्या स्नानावर गदा येते, ती याचमुळे.

१९७०च्या मध्यास विक्रांतच्या बॉयलरांत दोष आढळला. या जातीच्या बॉयलरला वर वाफेचा एक ड्रम, खाली पाण्याचे दोन ड्रम आणि त्यांना जोडणाऱ्या असंख्य नळ्या असतात. खालच्या ड्रमांच्या धातूत बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. वर्षानुवर्षे तापणे आणि निवणे, ताणले जाणे आणि सैलावणे, यांनी पोलादासही शीण येतो; अभियंते त्याला धातूचा थकवा असेच म्हणतात. या भेगा वेल्डिंगने बुजण्यातल्या नव्हत्या. नवे ड्रम देशात मिळत नव्हते. चार ड्रम ब्रिटनकडे मागवले गेले आणि तोवर बॉयलर पेटवू नयेत असा आदेश निघाला. मुंबईच्या धक्क्याला देशाची एकुलती एक विमानवाहू नौका सुमारे सात महिने थंड पडून होती.

इकडे पूर्व पाकिस्तानातील परिस्थिती दिवसेंदिवस बिघडत चालली होती. नवे ड्रम आलेच नव्हते. मग निर्णय झाला तो असा, की आहेत त्याच ड्रमांवर, परंतु दाब कमी ठेवून नौका चालवून पाहावी. २६ फेब्रुवारी १९७१ रोजी विक्रांत धक्क्यावरून हलली, १ मार्चला बॉयलर पेटले आणि त्याच दिवशी कॅटापुल्टचीही चाचणी झाली. १८ मार्चला ती समुद्रात गेली. पंख्यांच्या फेऱ्यांवर मर्यादा घालण्यात आली; मिनिटाला १२०हून अधिक नाही. त्यामुळे एरवी २४ नॉटच्या घरात धावणारी ही नौका १४ नॉटवर आली. १४ नॉट म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. सायकल जोरात हाणणारा तरुण गाठील असा वेग.

वेग घटला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. विमानवाहू नौकेचे सारे गणित तेथेच बिघडते. विमान सोडताना नौका वाऱ्याच्या तोंडी वळवतात; नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या पंखांना आधार देते. वारा पडलेला आणि नौका मंद असली, की ती बेरीज अपुरी पडते. विक्रांतवर सी-हॉक ही जेट विमाने आणि पाणबुड्या हुडकणारी अलिझे विमाने होती. वाऱ्याच्या एकेका झुळकेचा हिशेब ठेवून ती उडवावी लागणार होती.

या निर्णयाची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. दाबाखालच्या ड्रममधील पाणी उकळबिंदूच्याही पुष्कळ वर तापलेले असते. ड्रम फुटला, तर ते सारे क्षणात वाफ होते. बॉयलरच्या खोलीत त्या वेळी पहाऱ्यावर असलेल्यांना शिडीपर्यंत पोहोचण्याइतकाही अवधी मिळत नाही. वैमानिकाला धोका शत्रूकडून. तो दिसतो, निदान चुकविता तरी येतो. येथे धोका हाताच्या अंतरावर, गरम पत्र्याआड, आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची सोय नाही. तरीही दाबाच्या काट्यावर नजर ठेवून, ज्वाला कमीअधिक करीत, माणसांनी तेथे पाळ्या केल्या. हा निर्णय योग्य होता काय? शांततेच्या दिवसांत कोणत्याही कारखान्याने असा बॉयलर पेटविला असता, तर मी त्यास गुन्हा म्हटले असते. युद्ध दाराशी असताना तसे म्हणवत नाही. परंतु पराक्रमाची किंमत कोणाच्या जिवावर ठेवली गेली होती, याची नोंद तरी असावी.

वर्षाच्या उत्तरार्धात विक्रांत पूर्वेच्या समुद्राकडे गेली. तिच्या शोधात पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी धाडली होती. ती ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमनजीक बुडाली. विक्रांत तेव्हा तेथे नव्हतीच. ४ डिसेंबरला तिच्यावरून सी-हॉक विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. पुढे कित्येक दिवस हे सत्र चालले. पूर्व पाकिस्तानची सागरी वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या सबंध काळात त्या ड्रमांनी दगा दिला नाही.

विमानांचीही निगा काही कमी नव्हती. सी-हॉकच्या नाकाडात २० मिलिमीटरच्या चार तोफा असत. समुद्रावरची खारी हवा पोलाद, तारा, सांधे, सगळ्यांवर बसते. नळ्या पुसणे, तेल देणे, गंजाचा ठिपका दिसताच खरवडणे हे काम कधी संपतच नाही. या विमानांचे किनाऱ्यावरचे घर म्हणजे आपल्या दाबोळीचा ‘हंसा’ तळ. सी-हॉक आणि अलिझे, दोन्ही आजही बोगमाळोच्या वाटेवरील नौदल विमान संग्रहालयात पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन जावे, आणि विमानाच्या तोंडापाशी जशी छायाचित्रे काढतो, तसे त्याच्या पोटाखालीही डोकावून पाहावे.

या युद्धातील कामगिरीबद्दल विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रे आली. एक कप्तान स्वराज प्रकाश यांना, दुसरे सी-हॉक दलाचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना. दोघेही त्या मानाला सर्वथा पात्र होते. यंत्रशाळेतल्या माणसांची नावे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आलेली मी पाहिली नाहीत. नौदलाच्या यांत्रिकांना शिकविणारी ‘शिवाजी’ ही संस्था लोणावळ्याच्या डोंगरात १९४५पासून उभी आहे, हेही समुद्रकाठच्या आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. महाराजांचे नाव या संस्थेला मिळाले याचे मला विशेष वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर लिहिताना लढाईइतकीच लाकडाची चिंता वाहिली आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तिला दुखवून तोडू नयेत, येथवर विचार पोहोचला आहे.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ते २०१२ साली बंद झाले आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीतही गेला. हे ऐकून काहीजण हळहळले. मला ते तितकेसे वाईट वाटले नाही. पोलाद चालते राहिले.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे बांधलेली नवी विक्रांत नौदलात आली. तिच्यात बॉयलर नाहीत. चार वायू-टर्बाइनांवर ती चालते, आणि वर विमाने उडविण्यासाठी कॅटापुल्टऐवजी पुढे उंचावलेली धावपट्टी आहे. अशा टर्बाइनात मोठा बिघाड झाला, तर जागच्या जागी दुरुस्त करीत बसत नाहीत. सबंध यंत्र उचलून काढतात आणि दुसरे बसवितात. ही टर्बाइने अमेरिकन घडणीची असली, तरी त्यांची जुळणी बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झालेली आहे.