भात अर्धा केला, पण त्या जागी काय आलं?

बोईसरला आमच्या बैठकीत रेशन, पाणी, नवऱ्याची दारू, ठेकेदाराने अडवलेला पगार हे विषय नेहमीचेच. हल्ली त्यात एक भर पडली आहे. बैठक उठली की कुणीतरी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, वजन कमी करायला काय खायचं?" विचारणारी कधी तारापूर एमआयडीसीत दिवसभर पॅकिंगला उभी राहणारी असते, कधी चार घरची धुणीभांडी करणारी.

खरं सांगते, आधी मला या प्रश्नाचा रागच यायचा. ज्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं, तिथे वजन घटवण्याचं हे काय खूळ? टीव्हीतल्या बायकांसारखं दिसायचं आहे का? पण ऐकून घेतल्यावर कळलं, दिसण्याची चिंता क्वचितच कुणाला होती. गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो, साखर निघाली आहे, दवाखान्यात "वजन उतरवा" एवढंच सांगून पाठवलं आहे.

आणि हे दोन वेगळे जिल्हे नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमध्ये सुमारे १९ जणी गरजेपेक्षा कृश आढळल्या आणि २४ जणींचं वजन जास्त भरलं. त्याच पाहणीत शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय होता. म्हणजे जाड दिसणारी बाई भरल्या पोटाची असेलच असं नाही. तिच्याही अंगात रक्त कमी असू शकतं.

मग या मैत्रिणी करतात काय? आपल्याला लहानपणापासून जमतं तेच: जेवण टाकतात. सकाळी चहा-बटर, दुपारच्या डब्यात अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर भुकेने कासावीस होऊन एक वडापाव, रात्री "मी भात सोडलाय". उपासतापास, सर्वांच्या नंतर जेवणं, उरलंसुरलं संपवणं हे आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. वजन कमी करण्याच्या नावाखाली तेच पुन्हा, आणि यावेळी शहाणपण म्हणून!

इथे जरा हिशोब करू या. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२. दोन्हींच्या कॅलरी जवळपास सारख्याच. आपल्या ताटात मुख्यतः भात-भाकरीच असते, म्हणून आपली बरीचशी प्रथिनेही तिथूनच येतात. भात निम्मा केला आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही, तर पिष्टमय पदार्थांबरोबर प्रथिनेही निम्मी होतात. मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, पण बाईची ताकदही जाते. जिला दिवसभर उभं राहून काम करायचं आहे, तिला हा सौदा परवडणारा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेलं मार्गदर्शन असं: रोजच्या २००० कॅलरींच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा मासे-अंडी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या बिया ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजनं शिजवण्याआधीची. आपल्या घरात धान्याचं आणि डाळीचं प्रमाण तीनास एक असं असतं का, हे एकदा मोजून पाहा. वजन घटवायचं तर धान्य आणि तेल कमी करायचं, डाळीचा वाटा नाही. तेल मात्र अजिबात बंद करू नये. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतात. पण एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात, म्हणून बाटलीने न ओतता चमच्याने मोजून घालावं.

एका मैत्रिणीला दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला: ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. तिने तो घडी घालून ठेवून दिला. आपल्या भागात काय कमी आहे? वालाची उसळ, मोडाची मटकी, चणे, नागलीची भाकरी, मांदेली, बोंबील. सुका जवळा चिमूटभर असला तरी प्रथिने देतो. रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ धुऊन काढावं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. मधुमेहाचं औषध चालू असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

पण मैत्रिणींनो, खरी अडचण माहितीची नाही, वाटणीची आहे. माशाचा मधला तुकडा कुणाच्या ताटात जातो? डाळीचं दाट वरण आधी कुणाला वाढलं जातं, आणि तळाचं पाणी कुणाला उरतं? सातपाटी-मुरब्याला दिवसभर मासळी विकणारी बाईसुद्धा घरी रश्श्यावर भागवते. भात मात्र पातेल्यात उरतो, म्हणून तो तिच्या वाट्याला येतो.

सरकारची वाटणीही फारशी वेगळी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू, भरडधान्य आहे, डाळ नाही. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण ती गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने. पोटात किंवा पदराला मूल असेल तेवढ्यापुरतंच बाईच्या ताटाकडे लक्ष, हे किती दिवस चालायचं?

म्हणून वजनाचा प्रश्न मला आता फॅशनचा वाटत नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपण आठवडाभर काय खाल्लं आणि घरातल्या बाकीच्यांनी काय खाल्लं, ते दोन रांगांत लिहून आणावं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. रेशनवर डाळीची मागणी आपण करूच. पण त्याआधी, आज रात्री भात कमी घेतलात, तर वरणाची वाटी पहिल्यांदा स्वतःला वाढून घ्या. दाट वरणाची.